कानबाईच्या जागरणानंतरची सकाळ

सकाळी चहाचं आधण ठेवायला उठले की गॅसच्या ज्योतीभोवती मला रंगीत कडं दिसायचं. खिडकीबाहेरचा कडुनिंब म्हणजे नुसता हिरवा डाग. साखरेचा डबा कोणता आणि मिठाचा कोणता, हे बोटाला लावून चाखल्याशिवाय कळत नसे. दहा-साडेदहापर्यंत हे धुकं आपोआप विरायचं आणि दुपारी मी चष्मा लावून पेपरातली बारीक अक्षरंसुद्धा वाचायचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेय, वय चौसष्ट. मोतीबिंदूचं वयच आहे, असं म्हणत मी आणि घरच्यांनी दोन वर्षं त्याकडे कानाडोळा केला.

एक गोष्ट मात्र मनात घर करून होती. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला धुळ्याची कोरडी झळ सुरू झाली की धुकं आठ वाजताच निघून जायचं. श्रावणात तेच अकरापर्यंत हटत नसे. आणि त्याच श्रावणात एक सकाळ अशी आली की धुकं नव्हतंच. कानबाई ही आमची खानदेशातली देवी, तिच्या रोटांच्या म्हणजे नैवेद्याच्या रात्री आमच्याकडे जागरण असतं. गाणी, फुगड्या, पहाटेपर्यंत कुणी पाठ टेकत नाही. सोमवारी सकाळी कानबाई विसर्जनाला निघाली तेव्हा मी तिच्यासमोर उभी होते आणि मला तिच्या नथीतला मोती दिसत होता, वस्त्राची जर दिसत होती. जेमतेम सात वाजले असतील. जाऊबाईंना मी म्हटलंही, "आज कानबाईनं डोळे दिले मला." त्यांनी हात जोडले, मीही जोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं परत हजर.

दिवाळीनंतर लेकाने डोळे तपासायला नेलं. दवाखाना मोठा, गर्दी भरपूर. पाच मिनिटांत निदान झालं: दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा आधी करू, पुढच्या मंगळवारी या. तीन किमतींच्या तीन लेन्सचा कागद हातात आला. मी विचारलं, "सकाळीच धूसर दिसतं आणि दुपारी चांगलं दिसतं, ते का?" तपासणारे म्हणाले, "बाई, मोतीबिंदूच आहे तो. ऑपरेशन झालं की सगळं स्वच्छ." लेक पैसे भरायला निघाला होता. मी त्याचा हात धरून त्याला बाहेर आणलं. त्याला वाटलं मी घाबरले. घाबरले होतेच, पण ऑपरेशनला नाही. मला माझी माय आठवली होती.

माय साक्री तालुक्यातली, पांझरेच्या काठची. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन १९९७ साली एका शिबिरात झालं. त्या काळी मोठी चीर देऊन, टाके घालून करत. शिबिरं झाली म्हणून आमच्या भागातल्या हजारो म्हाताऱ्या माणसांना पुन्हा दिसू लागलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे शिबिराला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. पण ऑपरेशनच्या आधी वर्षभर माय एकच गोष्ट सांगत होती: "सकायले धुकं ऱ्हास, दुफारले उजेड पडस." आम्हा कुणालाच त्यात काही वेगळं वाटलं नाही. तपासणाऱ्यांनी तिला काही विचारलं नाही आणि तिनेही त्यांच्यापुढे तोंड उघडलं नाही.

ऑपरेशननंतर तिच्या डोळ्यातलं धुकं गेलं नाही. पट्टी काढली, आठवडा गेला, महिना गेला. बुबुळावरची काच निळसर पांढरी पडत गेली. मग तिच्यावर बारीक फोड यायला लागले. फोड फुटला की डोळ्यात वाळू टाकून कुणी चोळतंय असं तिला व्हायचं. पदराची सुरळी करून ती डोळ्यावर दाबून धरायची आणि उजेड नको म्हणून धान्याच्या कोठीच्या आडोशाला जाऊन बसायची. एकदा मी भाकरी घेऊन गेले तर म्हणाली, "आते मन्ही सकाय सरसच नही." म्हणजे, आता माझी सकाळ संपतच नाही. ती २०११ मध्ये गेली. तोवर तो डोळा दिसायचा बंद झालाच होता, दुखायचा मात्र थांबला नाही. सगळे म्हणायचे वय झालं, नशीब. त्या दुखण्याला बुलस केरॅटोपॅथी म्हणतात, हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते माझ्या स्वतःच्या डोळ्यांच्या तपासणीत.

शेजारच्या एका ओळखीच्या बाईंनी कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या काचेच्या डॉक्टर मॅडमचं नाव सांगितलं. त्यांच्याकडे गेले. त्यांनी स्लिट लॅम्पवर हनुवटी टेकवायला लावली, उजेडाची बारीक चीर डोळ्यावर फिरवली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "काकू, सकाळी जास्त धूसर असतं का?" माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी धुक्याचं सांगितलं, आखाजीचं आणि श्रावणाचं सांगितलं, मायचं सांगितलं. जागरणाची ती सकाळ सांगितली तेव्हा त्यांनी यंत्र बाजूला केलं आणि म्हणाल्या, "हे तर पुस्तकात असावं असं लक्षण सांगितलंत तुम्ही."

त्यांनी जे समजावलं ते मला माहेरच्या फडावरून नेमकं कळलं. पांझरेच्या काठी बंधाऱ्याचं पाणी फडांना, म्हणजे शेतांच्या गटांना वाटून देतात. कुठे किती पाणी सोडायचं, कुठे थांबवायचं, हे पाटकरी बघतो. बुबुळावरची काच म्हणजे कॉर्निया. तिच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, एका पेशीएवढाच जाड. त्याला एंडोथेलियम म्हणतात. डोळ्यातलं पाणी आतून झिरपत कॉर्नियात येत राहतं, त्यातूनच तिला अन्न मिळतं, आणि जादा झालेलं पाणी या पेशी रात्रंदिवस उपसून परत टाकतात. म्हणून काच पारदर्शक राहते. उपसा कमी पडला की काच पाणी धरते, फुगते, धूसर होते. या पेशींचं एक दुखणं असं की त्या माणसात पुन्हा तयार होत नाहीत. एक मेली की शेजारच्या पसरून तिची जागा भरतात. एक पाटकरी गेला तर बाजूचा त्याचाही फड सांभाळतो, तसंच. पण किती जण गेले तरी चालेल, याला मर्यादा असते.

रात्री पापण्या मिटलेल्या असतात. सात-आठ तास कॉर्नियावरून पाणी उडून जात नाही, म्हणून सकाळी ती सुजलेली असते. डोळे उघडल्यावर हवेने पाणी उडतं आणि दुपारपर्यंत सूज उतरते. आखाजीच्या झळीत लवकर उतरते, श्रावणाच्या दमट हवेत उशिरा. आणि कानबाईच्या रात्री मी डोळे मिटलेच नव्हते.

पेशी मोजायच्या यंत्राला स्पेक्युलर मायक्रोस्कोप म्हणतात. त्यात डोळ्याला काही लागत नाही, थेंबही घालावे लागले नाहीत. कपाळ पट्टीला टेकवायचं, समोरच्या हिरव्या ठिपक्याकडे बघायचं, खट् आवाज येतो आणि फोटो निघतो. एका डोळ्याला दोन मिनिटंही लागली नाहीत, पैसे काही शेच लागले. मॅडमनी पडदा माझ्याकडे वळवला. आधी त्यांनी एका निरोगी डोळ्याचा फोटो दाखवला: मधाच्या पोळ्यासारखी सहा कोनांची घरं, एकाला एक चिकटून, सगळी जवळपास सारख्या मापाची. मग माझा. घरं लहानमोठी, वेडीवाकडी, आणि मधे मधे काळी भोकं, एखाद्या घोंगडीला कसर लागावी तशी. त्या भोकांच्या जागी गटाटा असतात, म्हणजे पेशींच्या खालच्या पडद्यावर उठलेले थेंबांसारखे उंचवटे. भारतातल्या निरोगी डोळ्यांत चौरस मिलीमीटरला सरासरी अडीच हजारांच्या आसपास पेशी मिळतात. माझ्या उजव्या डोळ्यात १४२० निघाल्या, डाव्यात ९८०. पाचशे-सातशेच्या खाली गेलं की काच कायमची सुजण्याची भीती असते.

आजाराचं नाव फुक्स डिस्ट्रॉफी. व्हिएन्नाचे डॉक्टर अर्न्स्ट फुक्स यांनी १९१० साली अशा तेरा रुग्णांचं वर्णन केलं, त्यांच्यावरून हे नाव पडलं. बायकांत जास्त आढळतो आणि पुष्कळदा घराण्यात चालत येतो. मायच्या पेशी कधी कुणी मोजल्या नव्हत्या. पण ते चित्र बघताना मला कोठीच्या आडोशाला बसलेली माय दिसत होती.

मी विचारलं, "मॅडम, हे इतकं क्वचित असतं का, की आधीच्या दवाखान्यात कुणाच्या ध्यानातच येऊ नये?" त्या म्हणाल्या, "क्वचित अजिबात नाही. मोतीबिंदूच्या रुग्णांत तर मला दर आठवड्याला कुणी ना कुणी भेटतंच." हे वाक्य मला घरी स्वस्थ बसू देईना. लेकीला सोबत घेऊन मी वाचायला लागले. आइसलँडमध्ये रेक्याविक शहरात पंचावन्न वर्षांवरच्या लोकांची पाहणी झाली होती, त्यात ११ टक्के बायका आणि ७ टक्के पुरुषांच्या डोळ्यांत गटाटा सापडले. सिंगापूर, जपान इथल्या पाहण्यांतही शंभरात चार ते सात माणसं निघालीच. यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही. थोडे गटाटा असणं वेगळं आणि काच सुजणं वेगळं, हे मॅडमनी मला दोनदा बजावून सांगितलं. पण गटाटा आणि मोतीबिंदू दोन्ही उतारवयात येतात, म्हणजे मोतीबिंदूच्या टेबलावर ही माणसं येणारच. आणि मोतीबिंदू काढताना प्रत्येकाच्याच काही पेशी जातात. ज्याच्याजवळ अडीच हजार आहेत त्याला शंभरामागे दहा गेल्याचं कळतसुद्धा नाही. ज्याच्याजवळ हजारच उरल्यात त्याचं काय?

स्वीडनमध्ये मोतीबिंदूच्या ऑपरेशनांची देशभराची नोंदवही आहे. पावणेतीन लाखांहून जास्त ऑपरेशनांच्या नोंदी तपासल्यावर तिथे दिसलं की ज्यांच्या डोळ्यांत गटाटा होते त्यांना पुढे कॉर्निया बदलण्याची वेळ येण्याचा धोका इतरांपेक्षा सुमारे ६८ पट होता. इतरांवर ती वेळ फारच विरळा येते, म्हणून पट एवढी मोठी दिसते, हे खरं. तरीही हा आकडा वाचून मी चष्मा काढून ठेवला आणि बराच वेळ अंगणात बसून राहिले. आपल्याकडची राष्ट्रीय पाहणी २०१५ ते २०१९ या काळातली आहे. पन्नाशीपुढच्या अंध माणसांत ६६.२ टक्के न काढलेल्या मोतीबिंदूमुळे अंध होते, आणि ७.२ टक्के मोतीबिंदूच्या ऑपरेशनमधल्या गुंतागुंतीमुळे. त्या गुंतागुंती अनेक तऱ्हांच्या असतात, सगळ्याच कॉर्नियाच्या नव्हेत. पण त्या ७.२ मध्ये माझ्या मायसारख्या बाया आहेत, हे मला कुणी सांगायला नको.

आता प्रश्न होता करायचं काय. आमच्याकडे जुनी समजूत आहे, मोतीबिंदू पिकू द्यावा, मग काढावा. माझ्यासारखीला ही समजूत घातक. मोतीबिंदू जितका पिकतो तितका कडक होतो, तपकिरी होतो, आणि फेकोच्या यंत्राने तो फोडायला तितकी जास्त शक्ती लावावी लागते. त्या हादऱ्यांत या पेशी मरतात. मॅडम म्हणाल्या, "उजवा आत्ताच करू, अजून मऊ आहे." त्याआधी महिनाभर त्यांनी मला एक काम दिलं: सकाळी कॅलेंडरसमोर उभं राहायचं, एक डोळा झाकायचा, तारखेखालची बारीक अक्षरं ज्या क्षणी वाचता येतील ती वेळ तिथेच लिहून ठेवायची. कॉर्नियाची जाडीही सकाळी आणि दुपारी मोजली. उजव्याची सकाळी ५९८ मायक्रॉन, दुपारी ५७१. डाव्याची सकाळी ६४४. सर्वसाधारण डोळ्यात ही जाडी सरासरी साडेपाचशेच्या आसपास किंवा थोडी कमी असते, आणि ६४० च्या वर गेली की नुसता मोतीबिंदू काढून भागेल का, याचा डॉक्टर दहादा विचार करतात.

लेन्सच्या कागदाचाही निकाल लागला. पहिल्या दवाखान्याने सुचवलेली सगळ्यात महागडी, लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणारी मल्टिफोकल लेन्स मॅडमनी सरळ बाजूला सारली. अशा कॉर्नियातून आधीच उजेड विखुरतो, त्यात ती लेन्स आणखी भर घालते. साधी लेन्स घालायची आणि नंबर किंचित मायनसकडे ठेवायचा, कारण उद्या कॉर्नियाचा थर बदलावा लागलाच तर नंबर प्लसकडे सरकतो. इतका पुढचा विचार कुणी माझ्या डोळ्यासाठी करतंय, याचा मला फार आधार वाटला. आणि त्यांनी हेही आधीच सांगून टाकलं की जपून केलं तरी काच सुजू शकते, मग थर बदलावा लागेल. संमतीचा कागद वाचून मी सही केली.

ऑपरेशन माघात झालं. थेंब घालून डोळा बधिर केला होता. वरच्या दिव्याचे तीन पांढरे गोल दिसत, मग ते गुलाबी, निळे होत पाण्यात विरघळल्यासारखे हलत. मॅडम मधून मधून सहायकाला म्हणायच्या, "जेली अजून द्या." ती जेली कॉर्नियाच्या आतल्या बाजूला लेप बसावा तशी चिकटून राहते आणि पेशींना झाकते. पंधरा-वीस मिनिटांत त्यांनी ती तीनदा मागितली. प्रत्येक वेळी मी मनात कानबाईचं नाव घेतलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. शेजारच्या खाटेवर शिंदखेड्याकडचे एक आजोबा होते, त्यांनी भिंतीवरचं घड्याळ लगेच वाचलं आणि नातवाला जवळ ओढलं. मला घड्याळाची नुसती वाटोळी सावली दिसली. मॅडमनी आधी सांगितलेलं असूनही माझे पाय गार पडले. जाडी ६६० झाली होती. स्टेरॉइडचे थेंब, दिवसातून चार वेळा पाच टक्के मिठाच्या पाण्याचे थेंब आणि रात्री त्याचंच मलम. हे मीठ कॉर्नियातलं पाणी ओढून घेतं. घालताना चांगलंच झोंबतं. पहिले नऊ दिवस काहीच फरक नव्हता. सून थेंब घालायची आणि तिला मी रोज विचारायचे, "काच निळी दिसतेय का गं?" ती टॉर्च धरून नीट बघायची आणि "नाही आई, काळंच दिसतंय बुबुळ" असं म्हणायची. बाराव्या दिवशी दुपारी कॅलेंडरवरची तारीख दिसली. अठराव्या दिवशी सकाळी नऊ वाजता तिच्याखालची तिथी वाचली. तीन महिन्यांनी पेशी पुन्हा मोजल्या: १२६०. जाडी ५८०.

सकाळी थोडं धुकं उजव्या डोळ्याला आजही असतं, चहा होईपर्यंत. डावा अजून केलेला नाही. त्याला बहुधा मोतीबिंदूसोबतच आतला थर बदलावा लागेल, म्हणजे कुणाच्या तरी नेत्रदानातून आलेला, केसापेक्षाही पातळ पापुद्रा आत सोडायचा, हवेच्या बुडबुड्याने वर टेकवायचा आणि तो चिकटेपर्यंत आढ्याकडे बघत उताणं पडून राहायचं. माणूस गेल्यावर सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात. गावात कुणी गेलं की आता मी तिथे जाते आणि हे बोलते. रडत्या घरात बोलायला जीभ वळत नाही, तरी बोलते. आजवर एका घराने होकार दिला.

शहाद्याच्या धाकट्या बहिणीला मी तपासणीला चल म्हणून चार महिने मागे लागले होते. "आक्का, माले काय व्हयेल नही," हे तिचं ठरलेलं उत्तर. शेवटी मीच जाऊन तिला घेऊन आले. तिच्याही कॉर्नियात गटाटा आहेत, पण थोडे, आणि पेशी दोन हजारांच्या वर. मोतीबिंदू अजून कोवळा. सध्या काही करायचं नाही, वर्षाने पुन्हा मोजायचं. मागच्या आठवड्यात तिच्याकडे गेले तर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या खुणांशेजारी तिने वेळा लिहिलेल्या दिसल्या. सात-दहा, सात-पाच, सात-दहा. मधे एकदा रात्रभर पाऊस होता, त्या तारखेखाली पावणेआठ.